सहा की आठ, आणि बासष्ट किलो आई

तक्तेसाहेबांच्या आईने जे मागितलं होतं ते दोन वाक्यांत संपलं होतं. "ताईच्या उजव्या डोळ्याने अजून थोडं दिसतंय म्हणे. ते जायच्या आत मला एकदा तिच्याकडे ने." बस्स. ताई म्हणजे आईची थोरली बहीण. राहायला डोंगरावर, चार तासांच्या वाटेवर, त्यातले शेवटचे दोन तास नुसता चढ. तिचा डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्याबद्दल डॉक्टरांनी "काही महिने" असं म्हणून हात वर केले होते. दुसरा एखादा मुलगा असता तर "रविवारी निघू" म्हणून मोकळा झाला असता. पण दुसऱ्या एखाद्या मुलाने पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात सव्वीस वर्षं काढलेली नव्हती.

तक्तेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, खात्याने ठेवलेलं. खात्यात पाण्याचा पाइप घ्यायचा असो नाहीतर टाचण्यांची डबी, आधी तुलनात्मक तक्ता झाला पाहिजे, तक्त्यावर तीन सह्या पडल्या पाहिजेत, आणि मगच डबी उघडली पाहिजे, हा नियम. हा नियम बाकीचे लोक पाळत, तक्तेसाहेब त्यावर प्रेम करत. एकदा ऑफिसातल्या पंख्याचा तक्ता त्यांनी इतका बारकाईने केला की पंखा येईपर्यंत उन्हाळा उलटून गेला होता. पण पुढे चौकशी लागली तेव्हा त्या पंख्याच्या फाइलीत एक खोट निघाली नाही, हे ते आजही पाहुण्यांना सांगतात. पाहुणे बिचारे माना डोलावतात.

तर आईचं वाक्य ऐकून त्यांनी पहिल्यांदा गरज ठरवली. घरात माणसं सहा. आई, ते स्वतः, बायको, दोन मुलं आणि मुक्कामी असलेले सासरे. दाराशी असलेली छोटी गाडी सहाजणांना घेऊन त्या डोंगरावर एकदा गेली होती आणि अर्ध्या वाटेत वाफ सोडत बसली होती, तेव्हा सासऱ्यांनी काढलेले उद्गार तक्तेसाहेब विसरले नव्हते. शिवाय आईचा गुडघा दुमडत नाही, तिला पाय लांब सोडून बसायला दोन माणसांची जागा हवी. म्हणजे मोठी गाडी हवी. आठ जणांची. नाहीतरी छोटी आता नऊ वर्षांची झालीच होती. इथवर कोणीच चूक काढली नसती.

गाडी तर त्यांना एका आठवड्यात सापडली. उंच, रुंद, तीन रांगांची, आत शिरलं की छोट्या खोलीत आल्यासारखं वाटावं अशी. पण घोडं अडलं पुढेच. शोरूममधल्या बाईंनी हसतमुखाने विचारलं, "इंजिन कोणतं घेणार? टर्बोवालं सहा सिलिंडर, की पारंपरिक व्ही-एट?"

एकाच गाडीत दोन इंजिनं! तक्तेसाहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद लग्नातल्या फोटोतही नाही, असं त्यांची बायको पुढे कित्येकदा म्हणाली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि बाईंकडे कोरा कागद मागितला. त्या बाईंना बिचारीला तेव्हा कल्पना नव्हती की हे गिऱ्हाईक आता पाच महिने आपल्या मानगुटीवर बसणार आहे.

वरच्या मजल्यावर बोटीवरचे काका राहत. उभा जन्म जहाजाच्या इंजिनघरात गेलेला, त्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत. त्यांच्या मते यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं.

"व्ही-एट म्हणजे आठ भाऊ," काका म्हणाले. "चार या बाजूला, चार त्या बाजूला. आठही आपापलं काम करतात, कोणी कोणाच्या नाकात हवा फुंकत नाही. आणि तुझं ते टर्बो? सहाच माणसं कामाला ठेवायची, आणि बाहेर निघालेल्या धुराने पंखा फिरवून त्यांच्या नाकातोंडात हवा कोंबायची, की पळा रे आणखी! किती दिवस पळतील?"

हे तक्तेसाहेबांना पटलं. त्यांनी 'टिकाऊपणा' या रकान्यात आठला एक गुण दिला आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, कारण एकाच बाजूचं ऐकणं नियमात बसत नाही. बाई टर्बोच्या. त्यांचं दात कोरायचं यंत्रही हवेच्या जोरावर फिरणाऱ्या इवल्याशा चक्रावरच चालतं, मिनिटाला काही लाख फेरे, आणि बारा वर्षांत एकदाही त्याने दगा दिलेला नाही. तक्तेसाहेब म्हणाले, "पण बोटीवरचे काका म्हणतात की हवा कोंबून..." तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तोंड उघडलंच आहे तर जरा बघू द्या," आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

पुढचा पाऊण तास टर्बोच्या बाजूने फार बिनतोड बोलणं झालं. सिलिंडर कमी म्हणजे वजन कमी. सपाटीवर सावकाश गेलात तर पेट्रोल कमी. डोंगरावर हवा विरळ होते, तिथे आठ भावांचा दम निम्म्यावर येतो, पण टर्बो ती विरळ हवाच दाबून भरतो. तक्तेसाहेबांना निदान तीन आक्षेप घ्यायचे होते, पण त्यांच्या तोंडात दोन बोळे आणि एक नळी असल्यामुळे त्यांना फक्त "आ" एवढंच म्हणता येत होतं, आणि बाई त्याचा अर्थ होकारार्थी घेत होत्या. वादात हरून वर एक दाढ भरून ते घरी आले.

"झालं का ठरवून?" आईने विचारलं.

"होत आलंय," ते अर्ध्या बधिर तोंडाने म्हणाले.

"काल ताईशी बोलले. म्हणाली, भिंतीवरचं घड्याळ आता दिसत नाही, खिडकी दिसते."

"पुढच्या पंधरवड्यात नक्की, आई."

आई हो म्हणाली. आई नेहमीच हो म्हणायची, आणि या माणसाला वाटायचं की आपल्या पद्धतशीरपणाचा हा विजय आहे.

तक्ता वाढत गेला. वीस ओळींचा चाळीस झाला, चाळिसाचा चौसष्ट. पाय दाबल्यावर टर्बो क्षणभर विचार करतो आणि मग पळतो, ही एक ओळ. व्ही-एट विचार न करता पळतो, पण पितोही तसाच, ही दुसरी ओळ. भरपूर ओझं लादलं तर टर्बोही हावऱ्यासारखा पितो, अशी कुणीतरी दिलेली बातमी, ती तिसरी. आवाजासाठी तर चार ओळी होत्या, कारण बोटीवरच्या काकांनी व्ही-एटच्या आवाजाचं वर्णन करताना डोळे मिटून घेतले होते आणि ते नुसतं 'आवाज: चांगला' असं लिहून भागण्यासारखं नव्हतं. जेवताना बायको भाजी वाढायला आली की आधी तक्ता उचलावा लागे. मग तक्ता ठेवायला जागा नसे, म्हणून तो सासऱ्यांच्या हातात दिला जाई. सासरे तो उलटा धरून वाचत आणि दर वेळी म्हणत, "जावईबापू, यात रंग कुठला ते दिसत नाही."

पण कागदावर किती दिवस काढणार? प्रत्यक्ष चढ बघायला हवा. शहराबाहेर एक उड्डाणपूल होता, चांगला उभा. त्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत घड्याळ लावून दोन्ही इंजिनं पळवायची असं ठरलं. गाडीत सगळं कुटुंब हवं, तरच खरी परीक्षा. आईला मात्र उगाच त्रास नको म्हणून तिच्या जागी बोटीवरचे काका बसले. वजन जवळपास सारखं होतं आणि त्यांना बोलवावंही लागलं नाही.

पहिल्या रविवारी व्ही-एट. पूल चार वेळा चढून झाला, पण काका आठ भावांना मोठ्याने शाबासकी देत असल्याने चारही वेळा घड्याळ बघायचं राहिलं. पाचव्या खेपेला धाकट्याला मळमळलं आणि त्याने सगळं सासऱ्यांच्या मांडीवर काढलं. दुसऱ्या रविवारी टर्बोची पाळी आली तेव्हा सासरे पांघरूण ओढून झोपून राहिले, मुलांची परीक्षा असल्याचं मुलांनी अचानक सांगितलं, आणि बायकोने दारातच विचारलं, "अहो, मी तुमच्याशी संसार करायला आले की वजन म्हणून बसायला आले?"

तक्तेसाहेब दुखावले. एवढं कोणासाठी चाललंय? याच लोकांसाठी ना? पण सव्वीस वर्षांत त्यांनी कितीतरी ठेकेदारांना ऐन वेळी पळ काढताना पाहिलं होतं. पर्यायी व्यवस्था करणं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. समोर एक इमारत बांधली जात होती, तिथल्या मुकादमाला दोन दिवसांच्या बोलीवर त्यांनी वाळू मागितली. मग घरातल्या प्रत्येकाचं वजन विचारून तेवढ्या वाळूचं एकेक पोतं भरलं, आणि कुठलं कोणाचं यात गोंधळ नको म्हणून पोत्यांवर काळ्या शाईने ठळक लिहिलं. आई, ६२. सासरे, ९१. थोरली, ४४. धाकटा, ३१.

बायकोने आपलं वजन अठ्ठावन्न सांगितलं. तक्तेसाहेबांनी एक शब्द काढला नाही. पोत्यावर अठ्ठावन्नच लिहिलं, भरलंही अठ्ठावन्नच. मग चाचणी खोटी ठरू नये म्हणून सात किलोची एक वेगळी पिशवी भरली आणि तिच्यावर 'पर्स' असं लिहिलं. संसार असाच सांभाळावा लागतो, असं त्यांना त्या वेळी मनापासून वाटलं होतं.

शोरूममधल्या बाईंनी हे कुटुंब पाहिलं तेव्हा त्यांचं हसू पहिल्यांदा थोडं डळमळलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. दोन हमालांनी एकेक नातेवाईक उचलून आत ठेवला. आईला मधल्या रांगेत आडवं ठेवलं, पाय लांब सोडायचे म्हणून. बाईंनी स्वतः सासऱ्यांना पट्टा लावला. टर्बोने पूल चौदा सेकंदांत काढला. तक्तेसाहेबांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी चौदा. न ओकणारं, न बोलणारं, सांगितल्या जागी बसून राहणारं हे कुटुंब पाहून त्यांना इतकं समाधान वाटलं की घरी जाताना त्यांना जरा चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी व्ही-एट घेऊन पुलाच्या पायथ्याशी पोहोचतात न पोहोचतात तोच हवालदाराने हात केला. हा मोठा काळा गाडा काल दिवसभर पुलावर चढतोय-उतरतोय हे त्याने हेरून ठेवलं होतं.

"आत काय आहे?"

"कुटुंब," तक्तेसाहेब सवयीने म्हणाले.

हवालदार वाकला. त्याने काचेतून एकेकाचं निरीक्षण केलं. मग मागे जाऊन दार उघडलं आणि एका पोत्याला बोटाने टोचलं. "ही वाळू आहे."

"वाळूच आहे. पण ती वाळू म्हणून नाही आणलेली. हे माझे सासरे आहेत."

"खासगी गाडीतून वाळूची वाहतूक," हवालदार वहीत लिहीत म्हणाला. "परवाना?"

"अहो, वाहतूक कसली? कुठे नेतच नाहीये मी. वर नेतो आणि खाली आणतो."

"म्हणजे फेऱ्या," हवालदार म्हणाला आणि तेही लिहून घेतलं. मग त्याने पुढे बसलेल्या शोरूमच्या बाईंकडे पाहिलं. "आणि या कोण? यांचं पोतं दिसत नाही."

बाईंनी तोवर घड्याळ पर्समध्ये टाकलं होतं आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. गाडी शोरूमची, म्हणून ती सोडून दिली. माल मात्र जप्त झाला. त्या दुपारी तक्तेसाहेबांच्या कुटुंबाला एका टेम्पोत घालून चौकीवर नेण्यात आलं.

चौकीतला पंचनामा वाचण्यासारखा आहे. त्याची प्रत तक्तेसाहेबांनी जपून ठेवली आहे, कारण कागद टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. 'पोती पाच, पिशवी एक. पोत्यांवर आई, सासरे इत्यादी खुणा. खुणांचा अर्थ विचारता इसमाने समाधानकारक उत्तर दिले नाही.' इसमाने! सव्वीस वर्षं ज्याच्या फाइलीत खोट निघाली नाही, तो इसम! त्यांनी जागच्या जागी अर्ज लिहिला, की माझे कुटुंब मला परत मिळावे. चौकीच्या साहेबांनी तो परत केला, की कुटुंब की वाळू ते स्पष्ट करा. वाळू असं लिहिलं तर वाळू विकत घेतल्याची पावती लागत होती. ती उसनी असल्याने मुकादमाचं पत्र हवं होतं. आणि मुकादम म्हणे वाळू माझी नाही, मालकाची, आणि मालक परगावी. तक्तेसाहेब चौकीच्या बाकावर बसून राहिले. समोरच्या टेबलावरचा कारकून अर्ज वाचायचा, एक खूण करायचा आणि परत द्यायचा. ते काम तो इतक्या तन्मयतेने करत होता की त्यांना त्याचा राग येईना. हे सगळं ते टेबलाच्या पलीकडून पहिल्यांदाच बघत होते. ते त्यांना आवडलं नाही.

यात तीन आठवडे गेले. घरी बायकोने पंचनामा वाचला. बाकी सगळं तिने सोडून दिलं आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. "पिशवी एक, वर पर्स असा मजकूर, वजन सात किलो. हे काय आहे?"

तक्तेसाहेब म्हणाले, "तुझ्या पर्समध्ये सामान फार असतं."

त्यानंतरचे चार दिवस त्या दोघांत मुलांमार्फत बोलणं झालं.

आई तेवढी हसली. "मला पकडून ठेवलंय म्हणे चौकीत? सुटले की सांग हो." मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "ताई म्हणत होती, खिडकी दिसते पण बाहेरचं झाड दिसत नाही. उजेड तेवढा कळतो. जाऊ ना रे आता?"

"आता फक्त एक चाचणी राहिली, आई. फक्त एकच."

पोती सुटून आली तेव्हा आईचं पोतं कोपऱ्यात फाटलेलं होतं. वजन केलं तर नऊ किलो कमी भरली. तक्तेसाहेबांनी ओंजळीने मोजून मोजून ती भरून काढली, पोतं स्वतःच्या हाताने शिवलं, आणि रीतसर परवाना काढून व्ही-एट पुलावर चढवला.

चौदा सेकंद.

मग घरी येऊन त्यांनी चौसष्ट ओळींची बेरीज मांडली. सहाला एकतीस, आठला एकतीस, दोन ओळी 'लागू नाही'. बोटीवरचे काका म्हणाले, आवाजाला पाच ओळी दिल्या असत्यास तर ही वेळ आली नसती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाढ कशी आहे? शेवटी बायकोने मौन सोडलं. "जी आधी मिळेल ती घ्या आणि संपवा एकदाचं." टर्बो दोन दिवसांत मिळत होती, व्ही-एटला तीन महिने लागत होते. हा निकष तक्त्यात नव्हताच. तक्तेसाहेबांनी पासष्टावी ओळ घातली आणि विरळ हवेचं कारण ठळक करून टर्बोची शिफारस लिहिली. तांत्रिक बाजूला काकांनी 'नाइलाजाने' असं लिहून सही केली. खर्चाच्या बाजूला बायकोने सही केली. राहिली तिसरी सही, वापरणाराची. ती आईची.

सही ही प्रत्यक्ष वस्तू पाहूनच करायची असते, म्हणून पाच महिन्यांत पहिल्यांदा ते आईला घेऊन शोरूममध्ये गेले. छोट्या गाडीतून. शनिवारची सकाळ होती. बाईंनी खास आईसाठी टर्बो पुढ्यात आणून उभी केली होती, पुसून लख्ख. तक्तेसाहेबांनी मधलं दार उघडलं आणि बाजूला झाले.

आईने गाडीकडे खालून वर पाहिलं. मग दाराची कड धरली आणि पाय उचलला.

पाय उचलला तो पायरीच्या बराच खाली थांबला. गुडघा त्याच्या पुढे दुमडत नव्हता. आईने पाय खाली ठेवला, दुसरा उचलून पाहिला. तो पोहोचला, पण मग सगळा भार दुखऱ्या पायावर आला आणि तिचा चेहरा पिळवटला. बाईंनी पळत जाऊन एक स्टूल आणलं. आई स्टुलावर चढली, तिथून आत जायला वाकली, आणि वाकता येईना तशी तिथेच उभी राहिली. एक हात दाराला, एक हात मुलाच्या खांद्यावर. आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

पाच पोती असल्याच दारातून तीन वेळा आत गेली होती आणि तीन वेळा बाहेर आली होती. पण त्यांना दोन हमालांनी उचललं होतं. चौसष्ट ओळी. पासष्ट. आणि जमिनीपासून पायरी किती उंच, ही ओळ कुठेच नव्हती.

"आई, अजून एक पायरी खाली बसवून घेता येते," ते घाईघाईने म्हणाले. "तीन प्रकारच्या मिळतात. मी आजच तिन्हींचा..."

"मला खाली उतरव आधी," आई म्हणाली.

त्यांनी तिला उतरवलं. ती बाईंनी दिलेल्या खुर्चीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि काचेतून बाहेर उभ्या असलेल्या छोट्या गाडीकडे बघत राहिली.

"त्या गाडीत मी कशी बसते, बघितलंस का कधी? पुढच्या सीटवर आधी पाठमोरी टेकते आणि मग पाय आत घेते. सीट मागे सरकवली की पाय लांब पण होतो."

"हो, पण त्या चढावर..."

"चल मग."

"कुठे?"

"ताईकडे. कुठे म्हणजे काय?"

"आत्ता? आणि बाकीचे? सासरे, मुलं..."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते शाळेत असल्यासारखे सरळ उभे राहिले. "बाकीच्यांना कशाला? बहीण माझी आहे."

तक्तेसाहेबांनी उत्तर शोधलं. सहाजणांचं ओझं, सहाजणांचा चढ, सहाजणांचं सामान, सगळ्याचा हिशोब त्यांच्याकडे तयार होता. पण सहाजण हवेत असं आई म्हणाली कधी होती? त्यांनी खूप आठवून पाहिलं. "मला ने" म्हणाली होती. त्यांच्या खात्यात कागद पुढे सरकायच्या आधी मागणी करणाऱ्याला विचारतात, नेमकं काय हवंय. हे ते कितीतरी नव्या कारकुनांना टेबलावर बोट आपटून शिकवत आले होते.

बाई सहीचा कागद घेऊन उभ्याच होत्या. "नंतर बघू हं," तक्तेसाहेब म्हणाले. बाईंना वाईट वाटलं असेल असं त्यांना वाटलं, पण बाईंनी मनापासून, पाच महिन्यांत प्रथमच पेशाबाहेरचं असं हसू हसून दार उघडून दिलं.

छोटी गाडी दोनच माणसांना घेऊन डोंगर चढली. धापा टाकल्या, दुसऱ्या गिअरवर रडली, दोन ट्रकांनी तिला मागून भोंगे वाजवून शिव्या दिल्या, पण वाफ काढली नाही. काचा उघड्या होत्या. आई वाटभर बोलत होती. लहानपणी ताई तिची वेणी घालताना किती जोरात ओढायची, ताईचं अक्षर कसं, ताई रागावली की कशी जेवायची नाही पण गुपचूप डबे उघडायची. तक्तेसाहेबांनी यातलं काहीही कधी ऐकलं नव्हतं. वळणावळणावर ते इंजिनाच्या उष्णतेची सुई बघत होते आणि मधेच बघायचं विसरत होते. दुपार कलायच्या आत ते मावशीच्या दारात होते.

मावशी बाजेवर बसली होती. पावलांच्या आवाजाकडे तिने तोंड फिरवलं, पण डोळे भलतीकडेच राहिले. आई जवळ जाऊन बसली तशी मावशीने हात पुढे केला. तो हात आईच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून फिरला आणि कानाशी येऊन थांबला.

"बारके," मावशी म्हणाली.

मग मावशीच पुढे म्हणाली, "गेल्या महिन्यात आली असतीस तर तोंड दिसलं असतं गं तुझं. आता उजेडसुद्धा गेला." मग तिला स्वतःलाच हसू आलं. "एका परीने बरंच झालं म्हण. तू म्हातारी झालेली मला बघायचीच नव्हती. आता तू वेणीवालीच राहिलीस."

आईने तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"पण एवढा उशीर का केलास?" मावशीने विचारलं. रागाने नाही, नुसतंच.

तक्तेसाहेब भिंतीशी उभे होते. सांगायचं होतं त्यांनाच. टर्बो, व्ही-एट, पूल, पोती, चौकी, चौदा सेकंद. हे सगळं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि गेले पाच महिने बिनचूक वाटत आलेल्या त्या सगळ्यातलं एकही वाक्य त्यांना इथे मोठ्याने म्हणवेना.

"माझंच अडलं होतं, ताई," आई म्हणाली. "हा मेला गुडघा. आज दुखतो, उद्या दुखतो. हा बिचारा रोज म्हणायचा, आई चल, आजच निघू. मीच टाळत राहिले."

मावशीने मान वळवली. जिथे भाचा उभा असेल असं तिला वाटलं, त्या दिशेला. तिथे कपडे ठेवायचं कपाट होतं.

"गुणी आहेस हो बाबा," ती कपाटाला म्हणाली. "आईला जपतोस."

तक्तेसाहेब पायांचा आवाज होऊ न देता चार पावलं सरकले, कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हो, मावशी."